ज्याला जे येतं, त्याला ते

तात्यांना त्या कचेरीत चौतीस वर्षं झाली होती, आणि चौतीस वर्षांत "मला येत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. त्यांना सगळं येत होतं म्हणून नव्हे हो! सगळं कोणाला येतं? पण लोकांचे हिशेब तपासणाऱ्या त्या कचेरीतलं ते सगळ्यांत जुनं माणूस, आणि सगळ्यांत जुन्या माणसाला काही येत नसेल अशी शंका घ्यायची तिथे पद्धतच नव्हती.

पद्धती बाकी भरपूर होत्या. एका लांबट हॉलमध्ये खिडकीपासून दारापर्यंत ओळीने नऊ टेबलं, आणि बसायचं ते नोकरीच्या वर्षांप्रमाणे. खिडकीशी तात्या. त्यांच्या शेजारी पगारवाल्या बाई, एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांचे पगार काढून देणाऱ्या. त्यांच्या पलीकडे ज्याला सगळे 'जावई' म्हणत तो. कचेरीतल्या कोणाचाच तो जावई नव्हता, पण त्याला काम सांगितलं की असा चेहरा करायचा, की सांगणाराच ओशाळायचा आणि "असू दे, मीच करतो," म्हणायचा. अशी ओळ उतरत उतरत अगदी दाराशी संपायची, तिथे नवी बसायची. ही मुलगी येऊन दोन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कोणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. दार उघडलं की वारा तिच्या कागदांवर, आणि आत येणारा प्रत्येक जण तिलाच विचारणार, "साहेब आहेत का?"

कामाची वाटणीही ओळीनेच. वर्षातून एकदा थोरले साहेब सगळ्या फाइली मोठ्या टेबलावर मांडायचे, आणि खिडकीपासून सुरुवात करून एकेकाने उचलायच्या. तात्या पहिले. ते शांत, सालस फाइली उचलायचे: एक शाळा, एक वाचनालय, आणि सव्वीस वर्षं न चुकता बेकरीवाल्या काकू. दारापर्यंत येईतो उरायचा एक बांधकामवाला. तो आपल्या पावत्या गोणीतून पाठवायचा, आणि गोणीत थोडं सिमेंटही असायचं.

अशा सुखी कचेरीत कॉम्प्युटर आला आणि तात्यांच्या सुखाला नजर लागली. बाकीचे रडतखडत शिकले. तात्या शिकले नाहीत, कारण शिकायचं तर आधी येत नाही असं म्हणावं लागतं. ते पडद्यावरचा तक्ता छापून घ्यायचे, छापील कागदावर सुबक अक्षरात पेन्सिलीने दुरुस्त्या करायचे आणि कागद फाइलला लावून मोकळे व्हायचे. पडद्यावरच्या चुका जिथल्या तिथे. एक दिवस त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि वाचनालयाचं अख्खं वर्ष पुसलं गेलं. जेवणाची सुट्टी होती, हॉलमध्ये कोणी नव्हतं. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात दाराशी बसलेली नवी उठून आली, काहीही न विचारता चार बटणं दाबली, आणि वर्ष परत आणून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच सुट्टीत तात्यांनी बघितलं, तर नवी करखात्याच्या एका नोटिशीपुढे बसून डोळे पुसत होती. उत्तर लिहायचं होतं. तिने लिहिलं होतं, "महोदय, आपली नोटीस मिळाली. वाचून खूप वाईट वाटलं."

"अगं पोरी," तात्या म्हणाले, "कोणी वारलंय का? सरक."

त्यांनी लिहिलं, "आपली नोटीस मिळाली. त्यातले आकडे आम्ही आदराने वाचले. ते आमचे नाहीत." आणि खाली दीड पानात ते का नाहीत, ते असं लिहिलं की महिन्याभरात प्रकरण मिटलं.

झालं! तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली उतरले की दोघं खुर्च्या बदलायचे. नवी खिडकीशी बसून तात्यांची रिटर्नं भरायची, तात्या दाराशी बसून नवीच्या नोटिशींना उत्तरं लिहायचे. अळीमिळी गुपचिळी. हळूहळू सगळीकडे बोलबाला झाला की, या वयातही तात्या कॉम्प्युटर काय चालवतात, आणि ती एवढीशी नवी पत्र काय लिहिते! तात्यांना ते ऐकायला बरं वाटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर दोन मुठी होत्या.

मग थोरल्या साहेबांच्या सूनबाई कामावर आल्या. सगळे त्यांना धाकट्या मॅडम म्हणू लागले. आधी त्या तीनशे माणसांच्या मोठ्या कचेरीत होत्या. हुशार, बोलायला गोड, आणि सदा घाईत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओळीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "इथे काम वर्षं बघून वाटतात? हे काय, रेशनची रांग आहे का? यापुढे ज्याला जे येतं, त्याला ते."

आणि त्यांनी प्रत्येकाला एक फॉर्म दिला. सोळा प्रकारची कामं, प्रत्येकापुढे आपणच आपल्याला एक ते पाच गुण द्यायचे. वाटपाचा तक्ता त्यावरून बनणार होता. जाता जाता हेही सांगितलं, की नवीला कायम करायचं की घरी पाठवायचं, तेही महिनाअखेरी यावरूनच ठरेल.

आता मला सांगा, हिशेब तपासणाऱ्यांना कोणी असा फॉर्म देतं का? ज्यांचा धंदाच मुळी हा, की फायदा हातात पडेपर्यंत मोजायचा नाही आणि तोटा नुसता लांबून दिसला तरी लिहून ठेवायचा! प्रत्येकाने मनात एकच हिशेब केला: जिथे पाच लिहीन, ते काम गळ्यात येईल. पगारवाल्या बाईंनी पगाराच्या कामात स्वतःला दोन दिले. "चार दिले तर आणखी सहा कारखाने माझ्याच डोक्यावर," त्या तात्यांच्या कानात कुजबुजल्या. जावयाने पंधरा कामांत एक-एक लिहिला आणि 'ग्राहकांशी गप्पा' यात पाच. संध्याकाळी फॉर्म गोळा झाले तेव्हा कागदोपत्री त्या कचेरीत कोणालाच काही येत नव्हतं.

तात्यांनीही एकच लिहायला हवा होता. पण 'कॉम्प्युटर' या रकान्यापाशी पेन्सिल अडली. एक? चौतीस वर्षांच्या माणसाला एक? त्यांनी हळूच चार लिहिले. तिकडे नवीनेही 'नोटिशींची उत्तरं' यापुढे बिचकत तीन लिहिले, कारण एक लिहिला असता तर आजवरची पत्रं कोणाची, हा प्रश्न आला असता.

शुक्रवारी तक्ता भिंतीवर लागला. मॅडमनी कामाच्या जुन्या नोंदी तपासून दोघांचेही गुण वाढवून पाच केले होते. "विनय पुरे झाला, तात्या!" त्या हसत म्हणाल्या. सोमवारपासून तात्या नव्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. वरच्या मजल्यावर काचेची खोली, टेबलाएवढा पडदा, आणि रोज अकरा वाजता सगळ्यांचा वर्ग घ्यायचा. नवीकडे नोटिशी आणि सुनावण्या. तिला खाली मीटिंगची खोली, आणि पहिलंच काम बेकरीवाल्या काकूंचं: बुधवारी तीन वाजता करखात्याच्या अधिकाऱ्यापुढे उभं राहून बोलायचं. शिवाय फोन वाजत राहतात म्हणून जेवणाची सुट्टी आता दोन पाळ्यांत. पहिलीत वरचा मजला, दुसरीत खालचा.

म्हणजे बघा, इतक्या कामांतून नेमकं जे येत नाही तेवढंच दोघांच्या वाट्याला आलं होतं, आणि मध्ये एक अख्खा जिना.

घरी तात्यांनी बायकोला ही बढती सांगितली. ती भाजी निवडत होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टीव्ही लावायला मला हाक मारता, आणि तिकडे तुम्ही प्रमुख? मग त्या कचेरीचं कठीण आहे बाई." तात्या रागावून जेवले नाहीत. मग नऊ वाजता जेवले.

सोमवारी अकरा वाजता सगळे वह्या घेऊन काचेच्या खोलीत बसले. तात्यांनी हात मागे बांधले. हात मागे असले की माउसला लावावा लागत नाही. "बटण कुठलं दाबायचं, हे कोणीही सांगेल," ते म्हणाले. "का दाबायचं, हे कोण सांगणार? कारण कळल्याशिवाय माझ्या वर्गात कोणी बटणाला हात लावायचा नाही." आणि मग दीड तास जमाखर्च म्हणजे काय, माणूस तो का लिहितो आणि कुठे लपवतो, यावर ते असे बोलले की पगारवाल्या बाईंनी चार पानं टिपली. मंगळवारी ते हिशेबाच्या वह्यांच्या बांधणीवर बोलले. पडदा मागे आपला निळा पडून होता. वर्ग फार गाजला.

खाली नवीची मात्र भंबेरी उडाली होती. शेवटी तिने कचेरीच्या शिपाईमामांना मध्ये घातलं. चहाच्या ट्रेमध्ये कपाखाली चिठ्ठी वर जायची आणि रिकाम्या कपाखाली उत्तर खाली यायचं.

"तात्या, 'उपरोक्त नोटीस' लिहू की 'सदर नोटीस'?"

"नुसतं नोटीस लिही. स्वतः काय पाठवलंय ते त्याला माहीत आहे."

त्याच फेरीत तात्यांची चिठ्ठी: "पडद्यावर हिरवी रेघ आली आहे. जात नाही."

"जाऊ देऊ नका. ती चांगली आहे."

"तात्या, अधिकारी म्हणतात एवढ्या पिठात पाव जास्त व्हायला हवे होते, म्हणजे काकूंनी विक्री लपवली. आता काय सांगू?"

"भट्टी अकरा दिवस बंद होती. पीठ आधीच येऊन पडलेलं. त्यात अळ्या झाल्या, फेकलं. दुरुस्तीवाल्याचं पत्र फाइलमध्ये, पान एक्केचाळीस."

मंगळवारी दुपारी सातव्या फेरीला शिपाईमामा जिन्यात मधेच बसले. गुडघे चोळत म्हणाले, "आता या कपाला पोस्टाचं तिकीट तरी लावा, म्हणजे माझ्या पायांना मान मिळेल."

बुधवार उजाडला. आज वर्गाला धाकट्या मॅडम स्वतः येऊन बसल्या. "तात्या, दोन दिवस तुमच्या विचारांची फार स्तुती ऐकली," त्या म्हणाल्या. "आज करून दाखवा. बेकरीचंच सुधारित रिटर्न घ्या. सगळ्यांसमोर भरून पाठवा."

तात्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी घसा साफ केला. पाणी प्यायले. पुन्हा घसा साफ केला. मग खुर्चीत बसून माउस असा धरला, जसा विंचू नांगीपासून लांब धरावा. पडदा निळा. मागे आठ माणसं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज.

आणि तेव्हा चमत्कार झाला. जावई उठला! "तात्या, तुम्ही नुसतं सांगत राहा," तो पुढे येत म्हणाला, "बटणं मी दाबतो. तुमचं लक्ष समजावण्यात राहील." आणि बसलादेखील. त्याची बोटं अशी सरसर चालली, की सगळे बघतच राहिले. पंधरा कामांत एक गुण घेणारा माणूस! "इथून तिसऱ्या रकान्यात जायचं ना, तात्या?" "जायचं," तात्या म्हणाले. "मग तपासून पुढे?" "तपासून पुढे," तात्या गंभीरपणे म्हणाले. मॅडम मान डोलावत होत्या. तात्यांचा जीव भांड्यात पडला. अहो, असंच चालू दिलं असतं तर निवृत्तीपर्यंत निभावलं असतं, काय सांगता!

शिपाईमामा चहा घेऊन आले. आज ट्रे ठेवताना त्यांनी तात्यांकडे बघितलंही नाही. तात्यांनी कप उचलला. खाली चिठ्ठी होती.

"तात्या, सगळं पाठ केलं, तरी साहेबांसमोर मला बोलता येणार नाही. काकूंचं नुकसान होईल. पत्रं तुम्ही लिहायचात हे मी मॅडमना सांगणार नाही. मला झेपत नाही एवढंच सांगते आणि नोकरी सोडते. तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

तात्यांनी ती दोनदा वाचली. 'तुम्ही काळजी करू नका' हे वाक्य त्यांना थोबाडीत मारल्यासारखं लागलं. बावीस-तेवीस वर्षांची पोर, दोन वर्षं दारातला वारा खाणारी, ती यांची अब्रू सांभाळून निघाली होती! आणि हे वर काचेच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या बोटांनी प्रमुख. तात्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

"मग पुढे, तात्या?" जावयाने विचारलं.

"पुढे मला माहीत नाही," तात्या म्हणाले. खोलीत कोणाला वाटलं हा एखादा मोठा विचार आहे. पगारवाल्या बाईंनी तो वहीत लिहूनही घेतला. म्हणून तात्या उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मला हे येत नाही. कॉम्प्युटर मला येत नाही. कधीच येत नव्हता. दोन वर्षं माझी रिटर्नं खालची नवी भरते, आणि तिची पत्रं मी लिहितो. मी चार गुण लिहिले ते खोटे लिहिले. आणि आज तीन वाजता त्या मुलीला तुम्ही सुनावणीला पाठवताय, ती चूक माझी आहे, तिची नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. आणि मग मागून पगारवाल्या बाईंचा आवाज आला.

"मॅडम, विषय निघालाच आहे तर… माझे ते दोन गुण. ते तसे पाच आहेत."

"माझेही जरा कमीच लागलेत," कोणीतरी म्हणालं.

"मी बँकेच्या कामात एक लिहिलाय, पण मी आधी बँकेतच होतो."

मॅडमनी जावयाकडे बघितलं. त्याचे हात अजून बटणांवर होते. "आणि तुम्ही?"

"मला पंधराही येतात," जावई खाली मान घालून म्हणाला. "गप्पा मात्र बेताच्याच."

"म्हणजे माझ्या तक्त्यात खरं काय आहे?" मॅडम ओरडल्या.

"तारीख, मॅडम," जावई म्हणाला.

"आपल्या धंद्यात याची सोय आहे," पगारवाल्या बाई समजुतीने म्हणाल्या. "पहिलं चुकीचं भरलं तर सुधारित भरता येतं. मुदतीत असेल तर दंडही नाही."

"दंडाचं मी ठरवीन," मॅडम म्हणाल्या. त्या तात्यांकडे वळल्या. राग होता, पण घाईतल्या माणसाचा राग, त्याला घड्याळही दिसत होतं. "तात्या, तुमच्याशी मला खूप बोलायचं आहे. खूप. पण आत्ता सव्वाबारा झालेत. अधिकारपत्रावर सही नवीच्या नावाने झाली आहे, आता बदलता येणार नाही. आत बोलेल ती तीच. तुम्ही सोबत जा. तोंड उघडायचं नाही. आज ती कशी बोलते, त्यावर तिचं मी ठरवणार."

तात्या जिना उतरून खाली गेले. नवी पिशवी भरत होती. "ठेव ती," ते म्हणाले. "मी वर सगळं सांगितलंय."

"तात्या! कशाला? आता तुमचं काय होणार?"

"माझं होईल ते होईल. पावणेतीन तास आहेत. सांग, भट्टी किती दिवस बंद होती?"

"अकरा."

"असं नको. मी साहेब आहे. माझ्या डोळ्यांत बघून सांग. साहेबाचे डोळे काय तुला खाणार आहेत?"

दोघं करखात्याच्या कचेरीत पोचले तेव्हा काकू बाकावर बसून होत्या. अंगाला पावाचा वास, हातात रुमालाचा चोळामोळा. "भट्टी विकावी लागेल का हो?" त्यांनी तात्यांना विचारलं. तात्यांनी नवीकडे बोट दाखवलं. "हिला विचारा," ते म्हणाले. नवीने "नाही लागणार," म्हटलं. काकूंचा काही विश्वास बसला नाही.

दारातल्या कारकुनापुढे मोठी वही होती. त्याने तात्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, नवीकडे बघितलं, आणि न विचारता लिहायला सुरुवात केली. "आपण प्रतिनिधी. आणि या मदतनीस, बरोबर?"

तात्यांच्या मनात आलं, असू दे की. कोण बघतंय? वही त्याची, अक्षर त्याचं. चौतीस वर्षं झाली, एका वहीत तरी वरच्या ओळीत राहावं. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत आलं आणि गेलं.

"उलटं लिहा," ते म्हणाले. "प्रतिनिधी या. मदतनीस मी."

"नक्की?" कारकुनाने पुन्हा केसांकडे बघितलं.

"नक्की. कागद द्यायला आलोय."

आत अधिकारी चष्म्यावरून बघणारा होता. नवीने सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडखळली. तात्यांनी आपली जीभ दातांखाली धरली, अक्षरशः धरली. दुसरं वाक्य बरं गेलं. अधिकाऱ्याने विचारलं, "अकरा दिवस भट्टी बंद, हे मान्य. पण एवढं पीठ खरंच फेकलं कशावरून? की दुसऱ्या भट्टीत भाजून विकलं?" चिठ्ठीत याचं उत्तर नव्हतं. तात्यांनाही ते माहीत नव्हतं! सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. ते पान एक्केचाळीस काढायला गेले, तर नवीने हातानेच त्यांना थांबवलं.

"साहेब, दुसऱ्या भट्टीत भाजलं असतं, तर यीस्टही लागलं असतं," ती म्हणाली. "त्या महिन्याचं यीस्ट बघा. मी रोजचा तक्ता केलाय. बंद अकरा दिवसांत नवं यीस्ट शून्य, जुनं जेवढं होतं तेवढंच शिल्लक. पीठ घरात ठेवता येतं, पण पाव यीस्टशिवाय फुगत नाही." आणि तिने तो तक्ता पुढे सरकवला. कॉम्प्युटरवर रंग देऊन केलेला, दिवसागणिक.

अधिकाऱ्याने तक्ता बघितला. बराच वेळ बघितला. "हे कोणी केलं?"

"मी," नवी म्हणाली.

त्याने चष्मा काढला, नोटिशीवर एक ओळ लिहिली आणि शिक्का मारला. प्रकरण बंद.

बाहेर आल्यावर काकूंनी तात्यांचे दोन्ही हात धरले. "तात्या, वाचवलंत हो! तुम्ही होतात म्हणून…"

"मी काही केलं नाही, काकू," तात्या म्हणाले. "मी आत गप्प बसलो होतो. ते यीस्टचं मला सुचलंसुद्धा नाही. हिचं आहे ते सगळं."

काकूंनी नवीकडे नीट बघितलं, जणू ती आत्ताच आली होती. मग हळूच तात्यांना विचारलं, "मग पुढच्या वर्षी माझी फाइल कोणाकडे राहणार?"

वाटपाच्या टेबलावर सव्वीस वर्षं सगळ्यांत आधी उचललेली फाइल ती. शाळा गेली तरी चालेल, वाचनालय गेलं तरी चालेल, पण काकूंचं नाव कोणी घेतलं तर तात्या चार दिवस बोलत नसत. त्यांना आताही वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ते लपवायचाही त्यांना कंटाळा आला.

"हिच्याकडे," ते म्हणाले. "मॅडमना मी सांगतो. ऐकतील त्या."

काकू रुमाल सावरत बसच्या थांब्याकडे गेल्या. नवी पायरीवरच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "तात्या, मग तुमच्याकडे काय राहिलं?"

"माझ्याकडे?" तात्यांनी फाइलचा गठ्ठा तिच्या हातातून घेतला आणि आपल्या काखेत मारला. "माझ्याकडे तू आहेस की. अजून तुला पहिलं वाक्य नीट बोलता येत नाही."